द्युआमेल जिथून परतला

आंरी द्युआमेल हा ग्रनोबल परिसरातला गिर्यारोहणाचा छंद जडलेला तरुण. 1876 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो ला मेज या डोंगराच्या दक्षिणेकडच्या धारेने चढत गेला आणि साडेतीन हजार मीटरच्या वर एका उभ्या, गुळगुळीत कड्यापाशी अडला. पुढे वाट नाही अशी त्याची खात्री पटली. त्याने तिथे दगडांचा एक मनोरा रचला आणि तो खाली उतरला. त्या जागेला आजही ‘द्युआमेलचा पिरॅमिड’ म्हणतात आणि मेजवर जाणारे लोक तिथे दम खायला थांबतात. माणूस हरला आणि हरल्याच्या जागेला त्याचं नाव मिळालं, असं गिर्यारोहणात अनेकदा होतं.

पण द्युआमेलची गोष्ट तिथे संपत नाही. दोनच वर्षांनी, 1878 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, त्याला उत्तरेकडच्या देशांतल्या लांबट लाकडी फळ्यांची एक जोडी दिसली. ती त्याने घेतली आणि ग्रनोबलजवळच्या शांमरूसच्या उतारावर बर्फात घालून पाहिली. फळ्या पायाला नीट बांधायच्या कशा, हे उमगायला त्याला बरीच वर्षं लागली. पुढे त्याने आणखी जोड्या मिळवून मित्रांना वाटल्या आणि 1890 च्या दशकात ग्रनोबलला फ्रान्समधला पहिला स्की-क्लब उभा राहिला. म्हणजे मेजच्या कड्यापुढे हात टेकणारा आणि फ्रेंच आल्प्समध्ये स्की आणणारा, हे दोन्ही एकच गृहस्थ. गेली काही वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी स्कीवाले आणि डोंगर राखणारे यांच्यात जे भांडण पेटलं आहे, त्याची वंशावळ काढायला बसलं की दोन्ही फांद्या याच बुंध्याला येऊन मिळतात. ‘विकास विरुद्ध निसर्ग’ या ठराविक चौकटीत हे भांडण बसवायला म्हणूनच मी तयार नाही.

ला मेज आग्नेय फ्रान्समध्ये, एक्रँ पर्वतसमूहाच्या उत्तर कडेला आहे. मुख्य सुळका 3,983 मीटरचा. चार हजारांचा आकडा थोडक्यात हुकला, त्यामुळे आकडे गोळा करत फिरणारे गिर्यारोहक इकडे फार फिरकत नाहीत, आणि ते बरंच आहे. उत्तरेला, रोमांश नदीच्या खोऱ्यात, 1,450 मीटरवर ला ग्राव हे गाव. तिथून वर पाहिलं की अडीच हजार मीटर उंचीची लटकत्या हिमनद्यांची आणि काळ्या खडकाची भिंत थेट अंगावर येते. दक्षिणेला एतांसोंची उजाड, दगडगोट्यांची दरी उतरत ला बेरार्द या वाडीपर्यंत जाते. या दोन बाजूंना जोडणारी खिंड म्हणजे ब्रेश द ला मेज. 1864 च्या जूनमध्ये एडवर्ड व्हिंपर, मूर आणि वॉकर या इंग्रजांनी मिशेल क्रो आणि ख्रिश्चन आल्मर या वाटाड्यांसह ती प्रथम ओलांडली. दोनच दिवसांनी त्यांनी या समूहाचं सर्वोच्च शिखर, बार देझेक्रँ, सर केलं. मेजच्या शिखराला मात्र त्यांनी हात लावला नाही.

पुढच्याच वर्षी मॅटरहॉर्न सर झाला आणि आल्प्समधलं शेवटचं मोठं अजिंक्य शिखर म्हणून मेजकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्यात एक विलक्षण कुटुंब होतं. मेटा ब्रेव्हूर्ट ही अमेरिकन बाई, तिचा तरुण भाचा विल्यम कूलिज आणि त्यांची चिंगेल नावाची कुत्री. ही कुत्री आल्मरने कूलिजला दिली होती आणि ती त्यांच्याबरोबर खरोखर शिखरं चढायची. 1870 मध्ये मावशी-भाचे आल्मरसह मेजच्या मधल्या शिखरावर पोहोचले आणि तिथून त्यांना पश्चिमेचा सुळका स्पष्टपणे आपल्यापेक्षा उंच दिसला. मेजवर आपलं पाऊल पहिलं पडावं, ही मावशीची मोठी इच्छा. 1876 च्या डिसेंबरमध्ये ती वारली, आणि सात-आठ महिन्यांनी मेज दुसऱ्याच कोणाच्या हाती गेला.

ते दोघे म्हणजे नीमचा वीस वर्षांचा इमान्युएल बुआलो द कास्तेलनो आणि सां-क्रिस्तोफ गावचा शेतकरी-शिकारी पिएर गास्पर. गास्पर तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता आणि त्याचा मुलगाही सोबत होता. तोवर दोफिनेत, म्हणजे या प्रदेशात, येणारे श्रीमंत गिर्यारोहक शामोनीचे किंवा स्वित्झर्लंडचे वाटाडे आणत. इथल्या माणसांच्या वाट्याला ओझी वाहण्याचं काम यायचं. गास्परला हे फार झोंबायचं. 1877 च्या 4 ऑगस्टला दोघे द्युआमेलच्या पिरॅमिडपाशी पोहोचले, त्याच्या वरच्या त्या गुळगुळीत कड्यात शिरले, तो पार केला, तिथे एक दोर सोडून आले आणि खाली उतरले. आज त्या भिंतीला कास्तेलनोचं नाव आहे. 16 ऑगस्टला ते परत वर गेले. भिंतीनंतर ग्लासिए कारे, म्हणजे सुळक्याच्या कुशीत टांगलेला बर्फाचा तो चौकोन, पार झाला. पण अगदी माथ्याशी, शेवटच्या काही मीटरांवर, बाहेर झुकलेल्या खडकाने त्यांना पुन्हा अडवलं. गास्परने दक्षिणेचा नाद सोडला, उत्तरेकडे वळसा घातला आणि वर निघाला. परतताना वादळाने गाठलं आणि रात्र कड्यावरच काढावी लागली. इतकं सगळं होऊन पुढच्याच वर्षी कूलिज आल्मर बाप-लेकांना घेऊन वर पोहोचला आणि मावशीचं काम त्याने दुसऱ्या क्रमांकाने का होईना, पुरं केलं.

1877 च्या या चढाईत एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरते. शिखराला जाण्याआधी दोघांनी वाटेत दोर सोडला होता. मेजवर माणसाने कायमची म्हणून सोडलेल्या दोरांची आणि तारांची जी पुढची मालिका आहे, तिची सुरुवात इथून धरायला हरकत नसावी.

1885 मध्ये ऑस्ट्रियाचे ओटो आणि एमिल झिग्मोंडी हे भाऊ आणि लुडविग पुर्टशेलर कोणताही वाटाड्या न घेता आले आणि त्यांनी मेजची सबंध धार आडवी पार केली. वाटाड्याशिवाय इतकी मोठी चढाई करणं तेव्हा उद्धटपणाच मानलं जाई. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी दक्षिण कड्यावर प्रयत्न करताना एमिल पडून मेला. तो चोवीस वर्षांचा होता. त्याला सां-क्रिस्तोफच्या दफनभूमीत पुरलं. त्या दक्षिण कड्यावरून 1912 मध्ये डोलोमाइटचा वाटाड्या आंजेलो दिबोना, लुइजी रिझी आणि मायर बंधू वर गेले. 1935 मध्ये पिएर आलँने त्याहून सरळ वाट काढली. हाच आलँ पुढे खडकावर चढायचे गुळगुळीत तळव्याचे बूट बनवणारा म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या आद्याक्षरांचे ते बूट युरोपभर चढणाऱ्यांच्या पायांत आले.

धारेची आडवी वाट मात्र मेजची खरी ओळख ठरली. दक्षिणेच्या प्रोमाँत्वार निवाऱ्यातून पहाटे अंधारात निघायचं, मुख्य सुळका गाठायचा, पलीकडे दोरावरून उतरत झिग्मोंडीच्या खाचेत यायचं, मग एकामागून एक दातेरी कंगोरे पार करत मधल्या शिखरावर जायचं आणि एग्लच्या निवाऱ्याकडे उतरायचं. 1964 मध्ये ती खाचच ढासळली. खडकाचा मोठा भाग खाली गेला आणि अनेक पिढ्यांची वाट एका झटक्यात मोडली. त्यानंतर उत्तरेच्या बाजूला बर्फाळ कड्यात लोखंडी तार ठोकून वाट पुन्हा जोडली गेली. आज त्या तारेला धरून जाणाऱ्यांत असे पुष्कळ शुद्धतावादी असतील, ज्यांना डोंगरात लोखंड अजिबात खपत नाही. पण तार नसेल तर ती धार फार थोड्यांच्या आवाक्यात राहील, हेही त्यांना ठाऊक असतं.

एग्लच्या निवाऱ्याचा वाद तर थेट राखण्याविषयीचा होता. 3,450 मीटरवर 1910 मध्ये बांधलेली ती लाकडी खोली, जेमतेम काही माणसं दाटीवाटीने झोपतील एवढी. ती पाडून नवी, मोठी बांधायची असं ठरलं, तेव्हा विरोध स्थानिक वाटाड्यांनी आणि गिर्यारोहकांनीच केला. वर्षानुवर्षं चर्चा झाल्यावर 2014 मध्ये नवा निवारा उभा राहिला आणि त्याच्या पोटात जुन्या खोलीचा लाकडी सांगाडा जपला गेला. मला ही तडजोड आवडते. डोंगर राखणं म्हणजे त्यावर माणसाच्या खुणा नकोत, इतकं सोपं नसतं. माणसाच्या कोणत्या खुणा ठेवायच्या, हाही राखण्याचाच एक भाग आहे.

राखण्याची दुसरी परंपरा दक्षिणेच्या दरीत रुजली. चराईने आणि लाकूडतोडीने बोडके झालेले उतार, त्यांतून येणारे पूर आणि दरडी यांनी जंगलखातं हैराण झालं होतं. 1913 मध्ये सरकारने ला बेरार्दच्या भोवतालची चार हजारांहून अधिक हेक्टर जमीन ताब्यात घेतली आणि तिला राष्ट्रीय उद्यान म्हटलं. त्यामागे कायद्याचं खास बळ नव्हतं. फ्रान्सचा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा 1960 मध्ये आला आणि एक्रँ राष्ट्रीय उद्यान 1973 मध्ये. मधल्या काळात काय घडलं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. 1960 च्या दशकात फ्रेंच सरकारने आल्प्समध्ये बर्फाची शहरं उभारायचा सपाटा लावला होता. गाव नसलेल्या उंच कुरणांवर सिमेंटच्या इमारती, पुढ्यात लिफ्ट, खिडकीतून स्की घालून बाहेर पडायची सोय. 1969 मध्ये तर व्हान्वाझ या देशाच्या पहिल्याच राष्ट्रीय उद्यानाच्या आत स्कीचं केंद्र घालायचा बेत पुढे आला आणि देशभर गदारोळ झाल्यावर तो मागे पडला. त्या गदारोळानंतर आखलेल्या एक्रँच्या सीमेवर अर्थातच दोन्ही बाजूंचं बारीक लक्ष होतं.

ती सीमारेषा मेजला विचित्र पद्धतीने कापते. मुख्य शिखर आणि दक्षिणेची दरी उद्यानाच्या गाभ्यात आली. पश्चिमेचे उतार, ज्यांवर जिरोजची हिमनदी पसरली आहे, ते बाहेर राहिले. ला ग्रावला रोपवे याच बाहेर राहिलेल्या जागेत मिळाला.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो दोन टप्प्यांत बांधला गेला. दनी क्रेसेल या अभियंत्याची रचना होती. छोटे डबे झुबक्या-झुबक्याने तारेला लागतात, स्थानकावर सगळे एकदम थांबतात आणि एकदम निघतात. मधलं स्थानक 2,400 मीटरवर, वरचं 3,200 वर. तिथून पुढे हिमनदीवर आकडा धरून ओढत नेणारी डिझेलवरची लिफ्ट. म्हणजे वरपासून गावापर्यंत दोन हजार मीटरहून अधिक उतार एका दमात. आता इथे काय घडलं, किंवा खरं तर काय घडलं नाही, ते सांगतो. इतर ठिकाणी रात्री यंत्रं फिरवून बर्फ दाबतात, बाजूला काठ्या रोवतात, सोप्या-अवघड वाटांना रंग देतात, हिमस्खलन होईल अशा उतारांवर सकाळी स्फोट करून ते आधीच पाडून घेतात. ला ग्रावला हे काहीच झालं नाही. वर सोडून दिलं की पुढे डोंगर आणि तुम्ही. हिमभेगा आहेत, कड्यांवर संपणाऱ्या घळी आहेत, आणि पाटी एवढंच सांगते की हे सगळं तुमच्या जबाबदारीवर.

हे कोणी तत्त्वाने केलं असं मानायचं कारण नाही. पैसा कमी, उतार भलतेच उभे आणि गाव लहान. पण त्या अभावातूनच एक नवी गोष्ट जन्माला आली. जगभरचे स्कीवाले ला ग्रावला येऊ लागले, कारण इथे यंत्रांनी चढून निसर्गात पडायला मिळतं. वाटाड्यांच्या पोराबाळांना घरातच काम मिळालं. अमेरिकेचा डग कूम्ब्ज, उभ्या उतारांवरचा जगातला एक मोठा स्कीवाला, इथे येऊन राहिला आणि लोकांना शिकवू लागला. 2006 च्या एप्रिलमध्ये एका अरुंद घळीत त्याचा साथीदार घसरून पडला. काय झालं ते पाहायला कूम्ब्ज कड्याच्या टोकाशी गेला आणि तोही गेला. या गावात अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात, तरी डोंगर काठ्या रोवून सुरक्षित करा असं इथलं कोणी म्हणत नाही.

आजच्या भांडणातली मेख ही आहे. ज्या रानवटपणासाठी लोक रोपवेच्या नव्या, तिसऱ्या टप्प्याला विरोध करतात, तो रानवटपणा पहिल्या दोन टप्प्यांनीच लोकांना दाखवला. रोपवे नसता तर जिरोजची हिमनदी मूठभर गिर्यारोहकांपलीकडे कोणाच्याच जिव्हाळ्याची नसती.

तिसऱ्या टप्प्याचा बेत जुना आहे. जिरोजच्या पलीकडे डोम द ला लोझच्या बर्फाळ घुमटापाशी ले दोझ आल्प या मोठ्या स्की-केंद्राच्या लिफ्ट येऊन थांबतात. दोन्ही बाजू जोडल्या की एक विशाल स्कीक्षेत्र तयार होतं. 2017 मध्ये ला ग्रावचा रोपवे तीस वर्षांच्या कराराने ज्या कंपनीकडे गेला, तिने 3,600 मीटरपर्यंतचा नवा टप्पा बांधण्याचं कबूल केलं होतं. 2020 पासून ले दोझ आल्पच्या लिफ्टही त्याच कंपनीकडे आल्या. त्या आधी ‘सिग्नल द ला ग्राव’ नावाचा एक गट, गावकरी आणि जगभरचे चाहते मिळून, रोपवे आपणच चालवू म्हणून पुढे आला होता, पण ते जमलं नाही.

बांधणाऱ्यांची बाजू मी हलक्यात घेणार नाही. पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. 2015 मध्ये शांबोंच्या बोगद्यावर दरड सरकली आणि ग्रनोबलकडचा मुख्य रस्ता महिनोन्महिने बंद पडला, तेव्हा गावाचं अर्थकारण एका रस्त्यावर कसं टांगलेलं आहे, ते सगळ्यांनी अनुभवलं. हिमनदी खाली खचते आहे, त्यामुळे ओढायची लिफ्ट दरवर्षी नव्याने मांडावी लागते, आणि ती डिझेलवर चालते. तिच्याऐवजी बर्फाला न टेकणारा, विजेवरचा रोपवे आला तर उलट बरंच की, असा त्यांचा सवाल. स्की न करणारा पर्यटकही उन्हाळ्यात वरपर्यंत जाऊन मेजकडे पाहील, असाही हिशोब आहे.

‘ला ग्राव ओत्रमाँ’ नावाच्या स्थानिक गटाचं उत्तर असं की, इतका पैसा ओतला की गाव त्याच कर्जाच्या चाकाला जुंपलं जाणार, मग गर्दी आणावीच लागणार. मग रंगीत काठ्याही येतील. एक कोटी युरोंहून मोठा हा खर्च आहे. माउंटन वाइल्डरनेससारख्या संस्था कोर्टात गेल्या. नवा खांब हिमनदीच्या मध्यभागी बर्फातून डोकं वर काढलेल्या खडकावर रोवायचा होता. त्याच खडकावर आंद्रोसास या प्रजातीतली एक उशीसारखी गोल, चिमुकली वनस्पती असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं. दोफिनेच्या नावाची ही जात वेगळी म्हणून विज्ञानात नोंदली गेली ती 2021 मध्ये. अवजड यंत्रं आणि बोटाच्या पेराएवढी फुलं, असं चित्र वर्तमानपत्रांना फार आवडलं. मला ते थोडं फसवं वाटतं. फूल नसतं तर खांब योग्य ठरला असता का?

2023 च्या शरदात काम सुरू झालं. 7 ऑक्टोबरला ‘सुलेव्हमाँ द ला तेर’ या पर्यावरणवादी चळवळीचे काही कार्यकर्ते रातोरात चढून गेले आणि त्यांनी जिरोजच्या हिमनदीवर, सुमारे 3,400 मीटरवर तंबू ठोकले. जवळजवळ आठवडाभर ते तिथे बसून होते. हिवाळा तोंडाशी आलेला, काम थांबलं. गावात काहींनी त्यांना खाणं पोहोचवलं, काहींनी शिव्या दिल्या. वाटाड्यांतही दोन तट होते. बाहेरून येऊन आमच्या पोटावर पाय देता, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं नाही. पण या गावाच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही, कारण विरोधाचं मूळ गावातच होतं.

माझं मत विचाराल तर तिसरा टप्पा चूक आहे. कारण फूल नाही, आणि रानवटपणाविषयीचं भाबडं प्रेमही नाही. कारण वेळेचा हिशोब आहे. 2017 पासून तीस वर्षं धरली तर 2047 येतं. आल्प्सच्या हिमनद्या ज्या वेगाने झिजताहेत, ते पाहता तिथवर जिरोजचा वरचा भाग आजच्यासारखा राहील, असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. ज्या वस्तूसाठी लोक वर जाणार, तीच ओसरत असताना तिच्या मध्यावर खांब रोवायचा, ही गुंतवणूक माझ्या तरी समजुतीबाहेरची आहे. शिवाय खडकाच्या भेगांत कायम गोठलेला बर्फ उंचावरच्या कड्यांना धरून ठेवतो, आणि तोही वितळतो आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये ग्लासिए कारेच्या खालून मोठी दरड कोसळली आणि गास्परच्या वाटेचाच विचार लोकांना पुन्हा करावा लागला.

उद्यानाची रेषाही काही वाचवत नाही, हे 2024 ने दाखवलं. 21 जूनला पाऊस, वितळतं बर्फ आणि बोनपिएर हिमनदीवर साचलेलं पाणी एकत्र झालं आणि एतांसोंच्या ओढ्याला पूर आला. तो ला बेरार्दमधून दगड-गाळाचा लोंढा होऊन गेला. घरं, पूल, रस्ता, सगळं गेलं. मेजच्या दक्षिणेला ना रोपवे, ना स्की. 1913 पासून जपलेली दरी, आणि तिच्याच तोंडाशी असलेली वाडी गाडली गेली.

तेव्हा ला ग्रावपुढचा प्रश्न वर जाण्याचा नाहीच. खालचे दोन टप्पे, ज्यांवर वाटाडे, हॉटेलवाले आणि हिमनदीतली बर्फाची गुहा बघायला येणारी उन्हाळी कुटुंबं अवलंबून आहेत, ते कोण चालवणार आणि त्यांची दुरुस्ती कोणाच्या पैशाने होणार? तिसऱ्या टप्प्यासाठी कबूल झालेला निधी जर त्या जुन्या तारांसाठी, खांबांसाठी आणि गावापर्यंतच्या रस्त्यासाठी वळवता आला, तर ‘ओत्रमाँ’वाल्यांना आणि दुकानदारांना एका टेबलाशी बसायला निदान एक कारण मिळेल.